फ्रान्स ‘शरण गेला’ असं लिहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९१७ मध्ये फ्रान्स पार खचलेला असताना शहात्तर वर्षांचा क्लेमांसो पंतप्रधान म्हणून उभा राहिला आणि देश तगला. मग १९४० मध्ये सहा आठवड्यांत सगळं कसं ढासळलं? पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दंच्या लढाईचा वीर म्हणून ज्याचा जयजयकार झाला, तोच पेतां हिटलरच्या अटी मान्य करायला कसा तयार झाला? फ्रेंच पुढारी मुळातच कच्च्या दिलाचे, लंडनहून लढा चालू ठेवणारा एकटा द गॉल काय तो खमक्या, असं समजायचं का?

पदवीच्या आणि एम.ए.च्या मुलांना आधुनिक युरोप शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. एवढ्या काळात उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही: ‘२२ जून १९४० रोजी फ्रान्सने शरणागती पत्करली.’ मी दर वेळी ‘शरणागती’खाली लाल रेघ मारतो आणि दर वर्षी दोन-चार मुलं गुणांसाठी भांडायला येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रेघेतच आहे. त्या दिवशी सही झाली ती शस्त्रसंधीवर. सैन्याने शरण जावं पण सरकारने जाऊ नये, असं म्हणणारा माणूस त्याच्या आठवडाभर आधी फ्रान्सचा पंतप्रधान होता. त्याच्या सरसेनापतीने ते ऐकलं नाही. सगळं घोडं तिथे अडलं.

भित्रेपणाचा मुद्दा आधी निकालात काढू. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे साधारण चौदा लाख सैनिक गेले. तिथल्या अगदी लहान गावांतही मृतांच्या नावांचा दगड दिसतो. १९४० च्या सहा आठवड्यांतसुद्धा पन्नास हजारांहून जास्त फ्रेंच सैनिक लढताना मेले. पळपुट्यांचे आकडे असे नसतात.

आता व्यवस्थेकडे या. फ्रान्सचं तिसरं प्रजासत्ताक जन्मलंच एका पराभवातून. सप्टेंबर १८७० मध्ये सेदांला तिसरा नेपोलियन प्रशियाच्या हाती सापडला आणि दोनच दिवसांनी, ४ तारखेला, पॅरिसमध्ये प्रजासत्ताक घोषित झालं. पुढे १८७५ च्या कायद्यांनी जी चौकट बनली तिच्यात राष्ट्राध्यक्ष होता, पण १८७७ मध्ये मॅकमाहोन या राष्ट्राध्यक्षाने संसद बरखास्त करून हात पोळून घेतले, आणि त्यानंतर कुणी ते हत्यार उचललंच नाही. सत्ता गेली संसदेकडे. पंतप्रधान म्हणजे आज आहे, उद्या नाही. सत्तर वर्षांत शंभराच्या आसपास मंत्रिमंडळं झाली. शांततेच्या काळात हे चालून जायचं, कारण कारभार नोकरशाही हाकत होती. युद्धात मात्र प्रश्न पडतो: सेनापतीला हुकूम कोण देणार? जो पंतप्रधान तीन महिन्यांत जाणार हे सेनापतीला ठाऊक आहे, तो?

त्यातून ड्रायफस प्रकरणाने सैन्य आणि प्रजासत्ताकवादी एकमेकांकडे संशयाने बघायला लागले होते. निरपराध ज्यू अधिकाऱ्याला हेर ठरवणाऱ्या सेनाधिकाऱ्यांवर कादंबरीकार झोलाने १३ जानेवारी १८९८ ला तोफ डागली, ती ‘लोरोर’ या वृत्तपत्रातून. त्या पत्राची राजकीय धुरा क्लेमांसोकडे होती. सेनापतींचा दबदबा वगैरे या माणसाला आयुष्यभर कधी वाटलाच नाही. पेशाने डॉक्टर असल्यामुळेही असेल.

१९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा मात्र सगळ्यांनी सैन्यापुढे मान तुकवली. राष्ट्राध्यक्ष पोअँकारेने पक्षभेद विसरून एक होण्याची हाक दिली. २ सप्टेंबरला सरकार पॅरिस सोडून बोर्दोला गेलं. सरसेनापती जोफ्रने मार्नच्या लढाईत जर्मनांना अडवलं आणि मग त्याला विचारणारं कुणी उरलं नाही. रणक्षेत्राचा सगळा पट्टा त्याच्या ताब्यात, खासदारांना तिथे मोकळेपणी फिरायलाही मज्जाव. पंतप्रधान व्हिव्हियानी गेला, ब्रियां आला. हा ब्रियां मराठी वाचकाला एका वेगळ्या कारणाने आठवायला हवा: ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेच्या बंदरात बोटीतून उडी मारली तेव्हा फ्रान्सचा पंतप्रधान तोच होता, आणि त्यांच्या अटकेचा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला तो त्याच्याच कारकिर्दीत. असो.

ब्रियां गोड बोलून वेळ निभावणारा माणूस. व्हर्दंची लढाई फेब्रुवारी १९१६ पासून दहा महिने चालली. तटबंदी दुबळी ठेवली म्हणून संसदेत बोंब झाली आणि जूनमध्ये सभागृहाची दारं लावून गुप्त बैठका घ्याव्या लागल्या. डिसेंबरमध्ये ब्रियांने जोफ्रला मार्शल करून बाजूला बसवलं आणि निवेलला आणलं. निवेलने एक-दोन दिवसांत फळी फोडून दाखवतो म्हणून सांगितलं आणि १६ एप्रिल १९१७ ला शमँ-दे-दामच्या टेकड्यांवर हजारो पोरं मारली. मग सैन्यात बंडाळी. तेव्हा सरसेनापती म्हणून आला पेतां.

त्या वेळचा पेतां समजून घेतला नाही तर १९४० चा कळत नाही. रजा नियमित केल्या, जेवण सुधारलं, उगाच हल्ले करायचे थांबवले. पाचशेहून अधिक जणांना मृत्युदंड ठोठावला गेला, पण प्रत्यक्ष गोळ्या घातल्या त्या पन्नासाच्या आत. सैनिकांना तो आपला वाटला, आणि ते खोटं नव्हतं. रक्त वाचवणारा सेनापती ही त्याची ख्याती रास्त होती. त्याच नाण्याची दुसरी बाजू म्हणजे निराशा. त्याला सतत वाईटात वाईट तेच दिसायचं.

नोव्हेंबर १९१७. पँलव्हेचं मंत्रिमंडळ संसदेने मत देऊन पाडलं. पोअँकारेचं क्लेमांसोशी अजिबात पटत नसे. तीन वर्षं क्लेमांसो आपल्या स्वतःच्या वृत्तपत्रातून आणि सिनेटच्या सैन्य समितीतून सरकारला सोलून काढत होता. तरी पोअँकारेने त्यालाच बोलावलं. पोअँकारेला याचं श्रेय फारसं कुणी देत नाही, मी देतो. नावडत्या माणसाला सत्ता देणं सोपं नसतं. २० नोव्हेंबरला विश्वासमत झालं: बाजूने ४१८, विरोधात ६५. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

क्लेमांसोने युद्धखातं स्वतःकडेच ठेवलं. मार्च १९१८ मध्ये संसदेत त्याने सांगितलं, अंतर्गत धोरण विचाराल तर मी युद्ध करतो, परराष्ट्र धोरण विचाराल तर मी युद्ध करतो. तडजोडीच्या तहाची भाषा करणाऱ्या माजी पंतप्रधान कायोला तुरुंगात टाकलं, माजी गृहमंत्री माल्व्हीला पुढे हद्दपारी झाली. हे सगळं न्यायाला धरून होतं असं मी म्हणणार नाही. कायोविरुद्धचा पुरावा लंगडाच होता. पण खंदकांत फिरणारा, चिखलात उतरून शिपायांशी बोलणारा हा म्हातारा लोकांनी डोक्यावर घेतला. शिपायांनी दिलेला रानफुलांचा वाळका गुच्छ त्याच्याबरोबर पुरला गेला.

खरी कसोटी लागली २६ मार्च १९१८ ला, दुलां या गावच्या नगरभवनात. पाच दिवसांपूर्वी जर्मनांनी इंग्रजांची फळी फोडली होती. पेतां म्हणत होता की आधी इंग्रज हरतील, मग आपण. दुसरा फ्रेंच सेनापती फॉश म्हणत होता, इंचभर मागे हटायचं नाही. क्लेमांसोने दोघांचं ऐकलं आणि इंग्रजांच्या संमतीने आघाडीची सूत्रं फॉशकडे दिली. पेतांला काढलं नाही, अपमानही केला नाही. फक्त त्याच्या निराशेच्या डोक्यावर दुसरा माणूस बसवला. फॉशच्या पाठीशी त्याचा चीफ ऑफ स्टाफ वेगां होता. मे महिन्याच्या शेवटी जर्मन पुन्हा घुसले आणि संसद सेनापतींचं डोकं मागू लागली, तेव्हा याच क्लेमांसोने ४ जूनला त्यांना पाठीशी घातलं. युद्ध ही सेनापतींवर सोडण्याइतकी किरकोळ गोष्ट नव्हे, असं एक वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं. त्याचा अर्थ सेनापतींना झोडणं असा लोक घेतात. त्याने केलं ते असं की निवड माझी, जबाबदारीही माझी.

एक कबुली इथेच दिली पाहिजे. १९१८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये दहा लाख अमेरिकन उतरलेले होते आणि इंग्रजांच्या पन्नासहून अधिक डिव्हिजन शेजारी लढत होत्या. मे १९४० मध्ये इंग्रजांच्या जेमतेम दहा होत्या, अमेरिकन शून्य. क्लेमांसोला जे शक्य झालं ते केवळ करारी मिशांवर झालं नाही.

आता १९४०. २० मार्चला पंतप्रधान दलादिए पडला, रेनो आला. रेनो हुशार, चलाख, युद्ध जोरात करायला हवं हे कळणारा. त्याच्या विश्वासमताला २६८ बाजूने, १५६ विरोधात, १११ तटस्थ. बेरीज करून बघा: विरोधक आणि तटस्थ मिळून २६७. एका मताचं बहुमत. ४१८ विरुद्ध ६५ कुठे आणि हे कुठे. पक्षांना सांभाळायचं म्हणून दलादिएला युद्धखात्यावर ठेवावं लागलं, आणि दलादिए सरसेनापती गामलँला हलवू देईना. ९ मे ला रेनोने गामलँवरून मंत्रिमंडळ मोडायची तयारी केली होती. १० मे ला पहाटे जर्मन आले आणि राजीनामा खिशातच राहिला. गामलँ व्हँसेनच्या किल्ल्यात बसून युद्ध चालवत होता, आणि त्या मुख्यालयात रेडिओसंच नव्हता! हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. १३ मे ला जर्मनांनी सेदांपाशी म्यूज नदी ओलांडली. पुन्हा सेदां.

मग रेनोने लोकांना धीर यावा म्हणून दोन मोठी नावं बोलावली. १८ मे ला पेतां उपपंतप्रधान, वय चौऱ्याऐंशी. १९ मे ला गामलँच्या जागी वेगां, वय त्र्याहत्तर. दुलांच्या वेळचेच हे दोघे, आता त्यांच्या डोक्यावर ना फॉश, ना क्लेमांसो. क्लेमांसोचा जुना उजवा हात जॉर्ज मांदेल गृहमंत्री झाला खरा, पण गृहमंत्री सेनापतीला हुकूम देत नसतो. ५ जूनला आणखी एक बारीकशी नेमणूक झाली: युद्धखात्याचा उपसचिव, नुकताच ब्रिगेडियर जनरल झालेला एकोणपन्नास वर्षांचा शार्ल द गॉल.

१० जूनला सरकार पॅरिसमधून निघालं. रस्त्यांवर लाखो निर्वासित, मंत्री तूरच्या आसपासच्या वाड्यांमध्ये विखुरलेले, टेलिफोन धड चालत नाहीत. १३ जूनच्या बैठकीत वेगांने बातमी आणली की पॅरिसमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. मांदेल उठला, त्याने पॅरिसच्या पोलीस प्रमुखाला फोन लावला, आणि तसं काही झालेलं नाही हे तिथल्या तिथे ऐकवलं. या प्रसंगात सरसेनापतीच्या मनात काय चाललं होतं ते दिसतं: जर्मनांहून त्याला जास्त भीती होती ती आतल्या उठावाची, आणि तो दाबायला सैन्य शाबूत हवं होतं.

बोर्दोला पोचल्यावर रेनोने तोडगा काढला. हॉलंडने महिन्यापूर्वी तेच केलं होतं: राणी आणि सरकार लंडनला गेलं, आणि मागे सेनापतीने सैन्यासह शरणागती दिली. नॉर्वेचंही तसंच. शरणागती ही लष्करी कृती. रणांगणावरचं सैन्य शस्त्रं खाली ठेवतं, देश युद्धात राहतो, सरकार बाहेरून लढतं. फ्रान्सकडे तर अल्जीरिया होता, भलंमोठं आरमार होतं. उलट शस्त्रसंधी ही राजकीय कृती. सरकार स्वतः शत्रूशी बोलतं, आणि मग वसाहती, आरमार, खजिना, सगळं त्या कागदाने बांधलं जातं.

वेगांने साफ नकार दिला. सैन्याच्या निशाणांना असला कलंक मी लावणार नाही. सरकारने युद्ध पुकारलं, सरकारनेच शस्त्रसंधी मागावी. रेनो लेखी हुकूम द्यायला तयार होता, तरी नाही. म्हणजे पराभवाची सही सेनापतीला मुलकी सरकारच्या हाताने हवी होती. पेतां त्याच्या बाजूने. आपण फ्रान्सची भूमी सोडणार नाही हे त्याने आधीच वाचून दाखवलं होतं.

माझ्या मते त्या क्षणी रेनोने वेगांला घरी पाठवायला हवं होतं. अधिकार होता. केलं नाही. त्याच्या मैत्रिणीने कान भरले वगैरे गप्पा पुष्कळ आहेत. मला त्यात रस नाही. एका मताच्या बहुमतावर आलेल्या माणसाने स्वतःच आणलेल्या दोन दंतकथांना महिनाभरात हाकलायचं, तेही धावत्या मोटारीतून चाललेल्या सरकारात, याला जे बळ लागतं ते त्याच्यामागे नव्हतं. शत्रूच्या अटी निदान विचारून तरी बघू, असा मधला रस्ता शोतां या मंत्र्याने सुचवला आणि डळमळणारे मंत्री तिकडे सरकले. १६ जूनला लंडनहून द गॉलने फोनवर ब्रिटन आणि फ्रान्सच्या एकीकरणाचा प्रस्ताव वाचून दाखवला. मंत्रिमंडळाने तो झिडकारला. मतदान झालंच नाही. रेनोने राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्ष लब्रं स्वतः लढा चालू ठेवावा या मताचा होता, पण रिवाजाप्रमाणे त्याने पेतांला बोलावलं. पेतांने खिशातून मंत्र्यांची तयार यादी काढली.

१७ जूनला पेतां रेडिओवर म्हणाला, जड अंतःकरणाने सांगतो, लढाई थांबवायला हवी. अजून जर्मनांशी बोलणीही झाली नव्हती! वर्तमानपत्रांत ते वाक्य ‘थांबवण्याचा प्रयत्न करायला हवा’ असं दुरुस्त करून छापलं, पण शिपायांनी ऐकलं ते रेडिओवरचं. शस्त्रसंधी लागू झाली २५ जूनला. मधल्या आठवड्यात पलटणीच्या पलटणी कैद झाल्या. एकूण कैदी अठरा लाखांच्या घरात, आणि करारात अट अशी की कायमचा तह होईपर्यंत त्यांना सोडायचं नाही. शिवाय जर्मन फौजेचा खर्च म्हणून रोज चाळीस कोटी फ्रँक. सही कोंपिएन्यच्या जंगलात, १९१८ ला जर्मनांनी ज्यात शस्त्रसंधीवर सही केली त्याच रेल्वेच्या डब्यात. त्या वेळी जर्मनांना अटी वाचून दाखवणारा माणूस वेगां होता.

पेतांचं सरकार आता व्हिशी या गावी होतं. १० जुलैला तिथल्या कॅसिनोतल्या नाट्यगृहात संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी सगळे अधिकार पेतांच्या सरकारला देऊन टाकले. पेतांचा मंत्री लाव्हालने मतं जुळवली. लढा चालू ठेवू पाहणारे मांदेल, दलादिए, मांदेस-फ्रांस ‘मासिलिया’ बोटीने मोरोक्कोला गेले होते आणि तिथेच अडकले. सत्तर वर्षं ज्या संसदेने कुणालाही फार मोठं होऊ दिलं नाही, तिने शेवटी एका म्हाताऱ्याला सगळं दिलं.

पेतां ढाल होता आणि द गॉल तलवार, दोघे मिळून फ्रान्स वाचवत होते, हा बचाव आजही कुणीतरी मांडतं. ज्यूंविरुद्धचा ३ ऑक्टोबर १९४० चा कायदा जर्मनांनी मागितलेला नव्हता, व्हिशीने आपणहून केला. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये सुमारे तेरा हजार ज्यूंना धरलं, त्यांत चार हजारांवर मुलं. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. अशी कसली ढाल?

द गॉलच्या शौर्याबद्दल तुम्ही लिहिलंय. शूर तो होताच. मार्च १९१६ मध्ये व्हर्दंला जखमी होऊन कैद झाला होता, आणि त्याआधी अरासच्या पलटणीत त्याचा कर्नल पेतांच होता. पण लढा चालूच राहील असं सांगणाऱ्या लंडन रेडिओवरच्या १८ जूनच्या भाषणापेक्षा मला त्याचा कायद्याचा पवित्रा जास्त थोर वाटतो. आम्ही इंग्रजांच्या पदरी लढणारी फ्रेंच तुकडी नाही, आम्हीच फ्रान्स, असं तो म्हणाला. जवळ ना सैन्य, ना पैसा, आणि ऑगस्टमध्ये मायदेशात देहांताची शिक्षा ठोठावलेली! रने कासँसारखा कायदेपंडित त्याला मिळाला आणि चर्चिलशी झालेल्या कराराला त्याने घाट दिला. ऑगस्टमध्ये चाडचा गव्हर्नर फेलिक्स एबुए त्याच्याकडे आला, सप्टेंबरात आपल्याकडचं पाँडिचेरीही. वेगां आणि पेतांने जे होऊ दिलं नव्हतं, म्हणजे सरकार बाहेर आणि युद्ध चालू, ते याने सरकार नसताना उभं केलं.

२५ ऑगस्ट १९४४ ला पॅरिसच्या नगरभवनात प्रतिकार चळवळीचा पुढारी बिदोने त्याला विनंती केली की सज्जात येऊन प्रजासत्ताकाची घोषणा करा. त्याने नकार दिला. प्रजासत्ताक कधी संपलंच नव्हतं, मग घोषणा कशाची? व्हिशीचं राज्य कायद्याने नव्हतंच, असा अध्यादेश ९ ऑगस्टलाच निघाला होता.

मे १९५८ मध्ये अल्जीरियातल्या सेनाधिकाऱ्यांच्या बंडाळीनेच तो पुन्हा सत्तेवर आला, ही यातली मोठी गंमत. नव्या घटनेत सोळावं कलम घातलं गेलं: राष्ट्र धोक्यात आलं आणि कारभार ठप्प झाला तर सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे. मला ते कलम वाचताना दर वेळी बोर्दोतला लब्रं दिसतो. एप्रिल १९६१ मध्ये अल्जीयर्समध्ये चार सेनापतींनी पुन्हा बंड केलं. २३ तारखेच्या रात्री द गॉल दूरचित्रवाणीवर आला तो जनरलच्या गणवेशात, आणि प्रत्येक फ्रेंच माणसाला, सर्वांत आधी प्रत्येक शिपायाला, त्याने त्या सेनापतींचा कुठलाही हुकूम पाळायची मनाई केली. अल्जीरियातल्या बराकींमध्ये सक्तीच्या सेवेतली पोरं ट्रान्झिस्टरला कान लावून बसली होती. त्यांनी ते ऐकलं. २५ तारखेच्या रात्रीपर्यंत बंड विरलं.